साळवे बाईंची मागची भिंत

साळवे बाईंच्या वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर लॅपटॉप बसायचा.

पहिल्या दिवशी ते पाहून मला वाटलं, टेबल मोडकं असेल. टेबल चांगलं धडधाकट होतं. त्यावर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या आणि एक निळा स्पीकर. लॅपटॉप मात्र खुर्चीत, पाठीला टेकून, पाहुण्यासारखा. बाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत काहीतरी सांगत होत्या आणि सातवीची सगळी डोकी त्यांच्याबरोबर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होती. मी दारात उभी होते. आत जावं की थांबावं, हे मला कुठल्याच दारात पटकन ठरवता येत नाही.

"बसायचं असलं तर पोरांत बस," बाई न थांबता म्हणाल्या. "खुर्ची त्याची हाय. मला बसाया जमत न्हाई. कुठून आलीस?"

"परभणीहून."

"ये, परभणी."

त्या दिवसापासून मी परभणी झाले. माझं खरं नाव बाईंनी वर्षभरात दोनदा-तीनदाच घेतलं असेल, तेही कुणा अधिकाऱ्यासमोर.

एका संस्थेनं मला वर्षभरासाठी त्या शाळेत पाठवलं होतं. गाव सोनपेठपासून आत, गोदावरीच्या अंगाला. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. मी कॉम्प्युटर शिकवायला मदत करायची, असं ठरलेलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी ही घरात बोलायची भाषा, आणि मी घरातही कमीच बोलायचे. पोरांना ते लगेच कळलं. मला देवनागरी टाइप करता येत नव्हतं, म्हणून पहिल्या आठवड्यात सातवीतली शीतल नावाची मुलगी माझ्या शेजारी बसून एकेक अक्षर कुठल्या बटणात आहे ते दाखवत होती. चुकलं की ती काही बोलायची नाही. फक्त माझं बोट धरून योग्य जागी ठेवायची.

"शिकव, शिकव तिला," बाई लांबून म्हणायच्या. "वर्षभर आपल्याकडंच हाय."

बाई पन्नाशीच्या पुढच्या. उंच, हडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. चपलेचा त्यांना राग होता. "चप्पल माझ्यामागं राहती," म्हणायच्या. सोनपेठहून आम्ही एकाच एसटीनं यायचो. जागा असली तरी त्या माझ्या सीटच्या दांड्याला धरून उभ्या असत आणि खिडकीतून दिसेल त्याबद्दल बोलत. तुरीला फुलं लागली, त्या घराला रंग दिला, त्या बाईचं लेकरू चालायला लागलं. मी मान हलवायचे. मला तेवढंच जमायचं आणि त्यांना तेवढं पुरायचं.

त्यांचा एक शब्द होता, "पुढं?" मुलानं काहीही सांगितलं की बाईंचं ठरलेलं, "पुढं?" मी पाणी आणायला गेलो. पुढं? हातपंपावर गर्दी होती. पुढं? एका म्हातारीनं मला आधी भरू दिलं. पुढं? आणि मग ते पोरगं जरा थांबायचं, डोकं खाजवायचं, आणि आतापर्यंत स्वतःलाही माहीत नसलेलं काहीतरी सांगून जायचं. ते ऐकलं की बाई एक क्षण चालायच्या थांबत. वर्गात त्या थांबणं हेच मोठं बक्षीस होतं. पोरं त्यासाठी जीव टाकायची.

ब्लॉगची गोष्ट त्यांनी मला एसटीतच सांगितली. परभणीला कुठलंसं प्रशिक्षण होतं. वर्गात इंटरनेट कसं वापरावं, यावर एक तरुण साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. बाकीचे शिक्षक चहा कधी येतो ते पाहत होते. साहेब म्हणाले, ब्लॉग म्हणजे सगळ्या जगाला दिसणारा फळा. बाई मागून उठल्या. (उठल्या म्हणजे काय, त्या उभ्याच असणार.) त्यांनी विचारलं, "साहेब, त्यो पुसायचा कुणी?"

"म्हणजे?"

"फळा म्हणलं की पुसणं आलं. कुणी पुसायचा?"

साहेब हसले. बाईंना उत्तर मिळालं नाही म्हणून त्यांनी ते स्वतःच ठरवलं. वर्गाची मागची अख्खी भिंत त्यांनी काळ्या रंगानं रंगवून घेतली. ब्लॉगला नावही तेच दिलं, मागची भिंत. ज्याला जे लिहायचं ते त्यानं आधी खडूनं तिथं लिहायचं. बाकीच्यांनी खाली आपापलं म्हणणं लिहायचं. लिहिलेलं शुक्रवारपर्यंत भिंतीवर राहायचं. तोवर लिहिणाऱ्याचा विचार बदलला, लाज वाटली, भांडण झालं, तर त्यानं पुसायचं. शुक्रवारी जे उरेल ते लॅपटॉपवर टाइप होऊन ब्लॉगवर जायचं. आणि एकच कायदा होता. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. दुसऱ्याचं अक्षर कुणी पुसायचं नाही, बाईंनीसुद्धा.

शुक्रवारी खरी धांदल असायची. शाळेत रेंज यायची ती फक्त तिसऱ्या खिडकीबाहेर, हातपंपाच्या ओट्यावर. बाई फोन घेऊन ओट्यावर चढत, हात वर करत, एका पायावर तिरक्या होत आणि आतून पोरं ओरडत, "गेलं का बाई, गेलं का?" पाण्याला आलेल्या बायका कळश्या ठेवून बघत बसायच्या. एक म्हणायची, "बाई, देवाला हात जोडायलात का?" बाई वरूनच म्हणायच्या, "हो, त्यो बी खालीवर करायलाय."

मुख्याध्यापक देशपांडे सर स्वभावानं घाबरट, पण वाईट नव्हते. "बाई, इंटरनेटवर लई भानगडी असतात," एवढंच ते दर शुक्रवारी म्हणत आणि ऑफिसात जात.

दिवाळी झाली की गावातली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मला हे ऐकून माहीत होतं. वर्गातली बाकं एका सोमवारी रिकामी झालेली पाहणं वेगळं होतं. लॅपटॉपजवळची शीतलची जागाही रिकामी होती. लहान भावाला सांभाळायला तिला न्यावंच लागणार होतं.

बाईंनी मस्टरवर जे गेले त्यांची गैरहजेरी नीट लावली. मग मस्टर मिटलं आणि दुसरी हजेरी सुरू केली. ही त्यांची स्वतःची होती. निघायच्या आधी त्यांनी प्रत्येक घरी जाऊन आईबापांच्या फोनवर पोरांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं होतं. रोज एकदा "हजर" म्हणायचं, आणि वाटलं तर पुढचं सांगायचं. सकाळी बाई नाव घ्यायच्या आणि सोनपेठला फोनवर उतरलेला त्या पोराचा आवाज मी निळ्या स्पीकरवर लावायचे.

"बालाजी?"

स्पीकरमधून ट्रॅक्टरचा मोठा आवाज, आणि त्याच्यामागून कुठूनतरी, "हजर बाई."

"आरती?"

"हजर. हितं मोर हाय. थांबा." मग बराच वेळ काहीच नाही. मोर काही ओरडत नाही. वर्ग कान देऊन बसलेला. शेवटी आरतीच, "गेला."

एक मुलगा कधीच बोलायचा नाही, नुसता बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज पाठवायचा. बाई त्याला हजर धरायच्या. "बैलानं हजेरी दिली," म्हणायच्या. पोरं हसायची आणि मागच्या भिंतीवर कुणीतरी त्याचा बैल काढायचं. जे लांबून सांगितलं ते इथली पोरं भिंतीवर लिहून घ्यायची, म्हणजे गेलेल्यांचं अक्षरही भिंतीवर असायचं, दुसऱ्याच्या हातानं.

शीतल सगळ्यांत जास्त सांगायची. समोर असताना ही मुलगी माझ्याइतकीच गप्प होती. फोनवर मात्र तिचा आवाज एका संथ चालीनं येत राहायचा. चूल कशी मांडली, उसाचं पाचट कसं अंगाला कापतं, कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची झोपडी आत उभं राहिलं तर कशी डोक्याला लागते. तिचा आवाज सुरू झाला की बाई थांबत. सगळा आवाज संपेपर्यंत थांबलेल्या असत.

एका मंगळवारी तिचा आवाज आला. मी तो पोरांबरोबर लिहून घेतला, म्हणून अजून जवळजवळ शब्दशः लक्षात आहे.

"हजर बाई. माझे बाबा गावात लय मोठ्यानं बोलतात. हितं मुकादम आला की हळू बोलतात. काल गाडी भरायला उशीर झाला तर मुकादमानं बाबाला साऱ्या टोळीपुढं कान धरून उभं केलं. बाबानं धरले. माझा भाऊ बारका हाय, त्याला वाटलं खेळ हाय. त्यानं बी धरले. मग मी बाबाला म्हनलं, बाबा, आमच्या शाळेत चला. आमच्या बाई कुनालाच कान धराया लावत न्हाईत."

पोरांनी ते भिंतीवर लिहिलं. खाली एकानं लिहिलं, भावाला कान धरू देऊ नको. दुसऱ्यानं लिहिलं, मी मोठा झाल्यावर मुकादमाकडं बघतो.

बाई भिंतीसमोर उभ्या होत्या. मग त्या चालायला लागल्या, नेहमीपेक्षा जोरात, आणि चालता चालताच म्हणाल्या, "परभणी, फोन दे माझा. हे जगानं वाचलं पायजे."

शुक्रवार यायला अजून तीन दिवस होते. बाईंनी स्वतः टाइप केलं, उभ्यानं, खुर्चीवर वाकून. स्वतः ओट्यावर चढल्या. मी खिडकीतून पाहत होते. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "गेलं," असं त्या ओट्यावरून म्हणाल्या तेव्हा हातपंपावरच्या बायकांनीही मान वर करून पाहिलं.

जगानं वाचलं की नाही माहीत नाही. गावानं वाचलं. कुणीतरी ते उचलून गावच्या ग्रुपवर टाकलं आणि गावातले जे लोक जिथं जिथं ऊस तोडत होते तिथं तिथं ते दुपारपर्यंत पोचलं. शीतलचे बाबा, उत्तमराव, गावातला रांगडा माणूस. कुस्तीच्या फडात पंचाला दम देणारा. त्यांना फोन येऊ लागले. कान बरे हायत का उत्तमराव. शाळेत नाव घातलं म्हणं. बाकी चेष्टा इथं लिहिण्यासारखी नाही.

आम्हाला कळलं ते शीतलच्या चुलतीकडून. ती पाण्याला आली, कळशी आपटली आणि खिडकीतून म्हणाली, "बाई, चांगलं छापलं तुमी. भाऊजीनं पोरीकडनं फोन काडून घेतलाय. आता धाडा म्हना आवाज."

दुसऱ्या दिवशी हजेरीत बाई म्हणाल्या, "शीतल?"

मी स्पीकरकडे पाहिलं. लावायला काहीच नव्हतं. बाईंनी पुढचं नाव घेतलं नाही. वर्ग तसाच बसून राहिला आणि बाई भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत राहिल्या. रोज असं होऊ लागलं. बाईंनी "शीतल?" म्हणायचं, मग त्यांच्या बुटांचा आवाज, आणि मग पुढचं नाव. देशपांडे सर एकदा दाराशी आले, "मी म्हणलो होतो," एवढं म्हणाले आणि बाईंचा चेहरा पाहून परत गेले.

एसटीतही बाई आता काही दाखवायच्या नाहीत. तुरी, घरं, लेकरं, सगळं तसंच मागं जायचं. एका संध्याकाळी सोनपेठ जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "वर्गाला दार असतं गं. आत काय बोललो ते आतच राहतं. मी पोरीला वर्गात बोलावलं आणि दारच काढून टाकलं." मग जरा वेळानं, "शुक्रवारपर्यंत थांबाया काय झालं होतं मला?"

मी पिशवी मांडीवर घेतली.

"रविवारी चल माझ्यासंग," त्या म्हणाल्या. "तुझा फोन रस्ता सांगतो. माझा नुसता वर जातो."

टोळीचा तळ सोलापूरच्या पलीकडे होता. तिथं पोचेपर्यंत बाई तीन एसट्या बदलून जवळजवळ उभ्यानंच गेल्या. कापलेल्या उसाचं मोकळं रान, एका रांगेत कोप्या, मध्ये धूळ. उत्तमराव बैलगाडीचं चाक बघत होते. आम्हाला पाहून ते सरळ झाले. मग कोपीसमोरचा एक पत्र्याचा डबा पालथा करून त्यांनी आपल्या गमज्यानं पुसला आणि म्हणाले, "बसा बाई."

बाई बसल्या.

वर्षभरात मी त्यांना बसलेलं तेव्हाच पाहिलं. गुडघे वर आले होते आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. बसल्यावर त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

"चुकलं माझं, उत्तमराव."

"पोरगी शिकायली, मला आनंदच हाय," उत्तमराव म्हणाले. आवाज खरंच हळू होता. "पर मुकादमानं कान धराया लावले ते टोळीपुढं. तुमी साऱ्या गावापुढं धराया लावले."

बाईंनी मान खाली घातली. तशाच म्हणाल्या, "काय करू सांगा."

"पुसा."

शीतल कोपीच्या तोंडाशी उभी होती, भाऊ कडेवर. तिनं आम्हाला पाहून हसण्यासारखं काही केलं नव्हतं. आता ती म्हणाली, "बाई, तुमी म्हनला होता, ज्यानं लिवलं त्यानंच पुसायचं."

बाईंनी पिशवीतून फोन काढला. तळावर रेंज चांगली होती, गावापेक्षा बरी. त्यांनी ते पान उघडलं आणि फोन शीतलपुढं धरला. "मग तू पूस, बाळा."

शीतल फोनकडं पाहत राहिली. तिच्या भावानं फोन घ्यायला हात पुढं केला. तिनं त्याचा हात मागं ओढला आणि त्याला घेऊन कोप्यांच्या मागं चालायला लागली. वळून पाहिलं नाही.

बाईंनी स्वतःच्या अंगठ्यानं ते पुसलं. उत्तमरावांना दाखवलं. त्यांना वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी बराच वेळ त्या रिकाम्या पानाकडं पाहिलं. मग म्हणाले, "आवाज धाडील ती. च्या घ्या."

परतीच्या वाटेवर बाई एवढंच बोलल्या. "पुसलं ते पुसलं. तिच्या हातात फोन द्याया नको होता मी. माझं वझं तिला उचलाया लावत होते."

शाळेतल्या भिंतीवर ते अक्षर अजून तसंच होतं. आत गेल्या गेल्या बाईंनी ते पाहिलं. पोरांनी विचारलं, हे पण पुसायचं का. बाई म्हणाल्या, "हे भिंतीवर हाय. भिंतीला दार हाय." आणि वर्गाच्या दाराकडं बोट केलं.

मंगळवारी शीतलचा आवाज आला.

"हजर."

बस, एवढाच. मी स्पीकरचा आवाज वाढवून पाहिला. मागं वारा होता, कुठंतरी भांडं वाजलं, आणि संपलं. बुधवारी, "हजर." गुरुवारी, "हजर." त्याला "बाई"सुद्धा जोडत नव्हती. बाकीची पोरं मोर, ट्रॅक्टर, कुत्री, भांडणं पाठवत होती आणि मध्येच हा एक शब्द यायचा, दार लावल्यासारखा. बाईंनी तिला एकदाही "पुढं?" म्हणून पाठवलं नाही. ओठावर आलेला तो शब्द त्या गिळायच्या हे दिसायचं. मग चालायला लागायच्या. त्या हिवाळ्यात वर्गातली फरशी झिजली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

उन्हं कडक झाली तशी घरं उघडली, पोरं काळवंडून परत आली. शीतल तिच्या जागेवर, लॅपटॉपजवळ येऊन बसली. उंच झाली होती. गणितं करायची, धडा वाचायची, विचारलं तर उत्तर द्यायची. भिंतीवरचं स्वतःचं लिहिणं तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं. खडू घेतला नाही, डस्टरही घेतलं नाही. भिंतीकडं पाठ करून बसली. त्यानंतर तिथं तिनं काही लिहिलं नाही, आणि शाळा सुटायचे दिवस जवळ येत होते. सातवीनंतर ती पोरं सोनपेठला जाणार किंवा कुठंच जाणार नाहीत. पुढच्या दिवाळीत ही मुलगी पुन्हा उसात गेली तर तिचं नाव घेणारं कुणी नसेल, हे बाईंना माहीत होतं. मलाही.

त्यातच बाईंची बदली आली. सेलू तालुक्यात, देवगाव फाट्याच्या पुढं. "बदल्या बी आता ऑनलाइन असतात," बाई म्हणाल्या. "बटण दाबलं की माणूस गेलं."

निकालाच्या दिवशी त्यांना निरोप होता. नारळ, शाल, देशपांडे सरांचं लांबलेलं भाषण. भाषणात त्यांनी इंटरनेटच्या भानगडींचा उल्लेख केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग बाई म्हणाल्या, "हजेरी राहिली," आणि रिकाम्या हातानं, पाठ असलेली नावं घेत चालू लागल्या. सगळे समोरच होते तरी. स्पीकर बंद होता.

निम्मी नावं झाली असतील. दारात सावली पडली. उत्तमराव होते. टोपी हातात. आपण कुठं आलोय याचा विचार करत असल्यासारखे उंबऱ्यावर थांबले. मला ते थांबणं ओळखीचं वाटलं.

"या की," बाई म्हणाल्या.

"पोरगी म्हनली होती, शाळेत चला." ते वर्गाकडं न पाहता बोलले. "आलो." मग त्यांनी भिंतीकडं पाहिलं, तिथं खडूनं काय लिहिलंय ते कुणी सांगायची गरज नसल्यासारखं, आणि मोठ्यानं, गावात बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पर आधीच सांगतो, कान-बिन धरनार न्हाई."

पोरं हसली. आधी एक, मग सगळी. उत्तमरावांचीही मिशी हलली. बाई हसल्या नाहीत. त्या थांबल्या होत्या.

"शीतल?" त्यांनी नाव घेतलं.

शीतल उठून उभी राहिली. "हजर बाई," म्हणाली. आणि बसली नाही. "पासवर्ड द्या."

"कशाचा?"

"ब्लॉगचा. तुमी चाललात. लिहायचं झालं तर टाकायचं कुणी?"

देशपांडे सर शालीची घडी घालत होते, ते म्हणाले, "बाई, पासवर्ड ऑफिसला जमा करायचा असतो."

"ऑफिसला काय लिहायचंय?" बाई म्हणाल्या. त्या शीतलजवळ गेल्या, वाकल्या आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. वर्ग पुढं झुकला, कुणालाच ऐकू आलं नाही. शीतलनं मान हलवली. बाई तशाच वाकून होत्या. आता त्या "पुढं?" म्हणतील असं मला वाटलं. त्या सरळ झाल्या आणि पदर खोचला.

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. आमच्या गावची एसटी कुणासाठी थांबत नाही. नारळ, शाल, पिशवी, पोरांनी दिलेल्या पेरूंचं गाठोडं, सगळं उत्तमरावांनी उचललं आणि बाई धावतच निघाल्या. मागून अख्खी शाळा.

मी आतच राहिले. शीतल लॅपटॉप मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. ती खुर्ची कुणी वापरलेली मी पहिल्यांदा पाहिली. एकेक अक्षर न शोधता, भरभर टाइप करत होती. भिंतीकडं पाहत नव्हती, म्हणजे ते जुनं नव्हतं, की पाठच होतं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

"मॅडम," ती न थांबता म्हणाली, "तुमच्या फोनचं नेट द्या. ओट्यावर जावा."

मी गेले. हातपंपावर बायका होत्या. एरवी मी तिथं इतक्यांच्या समोर उभी राहिले नसते. ओट्यावर चढले, फोन वर धरला. आतून शीतल म्हणाली, "थोडं डावीकडं." मी डावीकडं झाले.

रस्त्यावर एसटी नुकतीच हलली होती. जवळजवळ रिकामीच होती, सगळ्या सीटा मोकळ्या. बाई आत उभ्या होत्या, हात वर, हातात फोन. ब्लॉग उघडायला पहिल्या खिडकीशी रेंज मिळाली नसावी, त्या मागच्या खिडकीशी आल्या. तिथंही नाही. मग त्याच्या मागच्या. गाडी खड्ड्यांतून सावकाश पुढं सरकत होती आणि बाई तिच्यातून मागं मागं येत होत्या, आणि त्यामुळे थोडा वेळ, शाळेसमोर, त्या जिथल्या तिथं थांबलेल्या दिसल्या.